आतली कडी

"नाहीतरी तू मठातल्यासारखीच राहतेस की, ताई," भाऊ म्हणाला.

आता यात रागावण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. त्यालाही तसंच वाटलं. बिचारा आठवडाभर शब्दांची जुळवाजुळव करत होता. वृद्धनिवास म्हटलं तर ही अंगावर येईल, आश्रम म्हटलं तर हसेल, म्हणून त्याने मठ शोधून काढला. शांत जागा आहे, जेवण वेळेवर, घंटा झाली की सगळे एकत्र बसतात, कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नाही, तुला आवडेलच, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. किल्लीआत्याने हातातली कानस खाली ठेवली. तिने कानस खाली ठेवली की दुकानातल्या माणसाने दाराकडे सरकायचं असतं, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं.

"मठातली नाही, गुहेतली," ती म्हणाली. "दोन्ही तुला एकच वाटत असेल तर तू बोलूच नकोस."

किल्लीआत्या हे नाव मुळात या भावाच्या मुलाने पाडलं. तो लहानपणी हाक मारायचा, ती शेजारच्या छापखानेवाल्याने उचलली, मग रस्त्याने उचलली, आणि आता तिच्या वयाची माणसंसुद्धा तिला आत्या म्हणत. वय एकाहत्तर. दुकान वडलांचं. दर्शनी भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, त्यांवर मापामापाने टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, खाली एक लांब बाक, त्यावर लोखंडाचा कीस. दुकानामागे तिची खोली. एक पलंग, एक टेबल, एक शेगडी, खुर्च्या मात्र दोन. बाई एकटी आहे आणि खुर्च्या दोन कशाला, असं एकदा भावजयीने विचारलं होतं. एकीवर बसते आणि दुसरीवर पाय ठेवते, असं उत्तर मिळालं.

लग्न का केलं नाही म्हणून विचारणाऱ्यालाही तिचं उत्तर तयार असे. मापं जुळली नाहीत. कानस मारमारून बसवलेली किल्ली बसते खरी, पण एक दिवस कुलपातच मोडते. मग अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्ही निकामी. विचारणारा गप्प बसायचा, कारण त्याची स्वतःची किल्ली कुठे मोडली होती ते तिला बहुधा माहीत असायचं. कुलूपवाल्यांना लोकांच्या घरचं फार कळतं. कोणत्या घरात कपाटाला नवं कुलूप बसलं आणि कोणत्या घरातली किल्ली सुनेपासून लपवली जाते, सगळं. पण तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

तर ती माणूसघाणी होती असं कोणी समजू नये. दिवसभर तिचं तोंड चालायचं. संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत जायचं आणि आतून कडी लावायची, एवढाच तिचा नियम. त्यानंतर ज्याला यायचं असेल त्याने वाजवावं आणि थांबावं. बहुतेक वेळा ती उघडायची. कधी नाही उघडायची. न उघडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी ती कोणाला सबब सांगत नसे. रस्त्याला याची सवय झाली होती.

मग तो सकाळचा प्रकार झाला. फरशी ओली होती, पाय सरकला, आणि आत्या शेगडी आणि पलंगाच्या मधे आडवी झाली. खुब्यातून अशी कळ गेली की उठणं शक्य नव्हतं. दार पाच पावलांवर. कडी आतून. चार तास ती तिथे पडून होती. नऊ वाजून गेले तरी दुकान उघडत नाही म्हणून छापखानेवाल्याने हाका मारल्या, आतून उत्तर आलं, तेव्हा तो आणि दोन माणसं पहार घेऊन मागच्या दाराला भिडली. दार काही हलेना. आतून आत्या ओरडून सांगत होती की कडीच्या नादी लागू नका, ती मी बसवलीये, ती नाही निघायची. बिजागऱ्या काढतो म्हणाले, तर त्याही तिने आतल्या बाजूला घेतलेल्या. शेवटी चौकटच भिंतीतून उपटून निघाली. कडी जशीच्या तशी. धुळीत पडल्यापडल्या आत्याने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायाकडे, असं छापखानेवाला आजही सांगतो, आणि हे तो खोटं सांगत नाही.

हाडाला बारीक तडा होता. तीन आठवडे ती भावाकडे पडून राहिली. भावजयीने हातचं काही राखलं नाही, वेळेवर सूप, वेळेवर गोळ्या, उशा हव्या तेवढ्या. पण त्या तीन आठवड्यांत एकाही माणसाने दार वाजवलं नाही. सूप आत यायचं, भाचा आत यायचा, शेजारणी आत यायच्या, डोळा लागलेला असला तरी यायच्या आणि कशा आहात म्हणून विचारून उठवायच्या. न्हाणीघराची कडी लावू नका, अशी भावजयीची सक्त ताकीद होती. आत्या तिथे एक पाय दाराला लावून बसायची. मोडका पाय. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण ज्यांचं खाल्लं त्यांना नावं ठेवायची तिची रीत नव्हती. पण काठी हातात आल्यावर चौथ्याच दिवशी ती दुकानात परतली, चौकट नवी बसवून घेतली आणि त्यावर तीच जुनी कडी लावली.

आणि कडी पाहूनच भाऊ बिथरला होता.

"पडले मी ओल्या फरशीवर," आत्या म्हणाली, "आणि शिक्षा कडीला? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच."

पण भाऊही तिचाच भाऊ. तोही हटेना. शेवटी असं ठरलं की रविवारी दोघांनी ती जागा बघून यायचं. बघून झाल्यावर आत्याने एक कारण सांगायचं. एकच, पण भावाला पटेल असं. पटलं तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही पटलं तर तिने अर्जावर सही करायची, दुकानाला कुलूप घालायचं आणि तिथे राहायला जायचं. आत्याने शब्द दिला. शब्द दिल्यावर मात्र तिला रात्रभर झोप आली नाही. सांगण्यासारखं कारण तिच्याकडे होतं, पण ते सत्तेचाळीस वर्षं जुनं होतं आणि ते भावाला कसं पटवायचं हे तिला कळत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक मठ होता. तिथली कुलपं वडील बघत. टेकडीच्या वर, चढून तासाभराच्या अंतरावर, एक माणूस एकटा राहायचा. तो एकोणीस वर्षं खालच्या मठात राहून वर गेला होता. भांडून नाही, मठप्रमुखांना विचारून, त्यांच्या आशीर्वादाने. वारा फार म्हणून मठाने त्याच्या गुहेच्या तोंडाला दार करून दिलं आणि दाराला कडी बसवायला वडलांना बोलावलं. वडील तापाने फणफणलेले, म्हणून ही गेली. चोवीस वर्षांची, खांद्यावर हत्यारांची पिशवी, पहिल्यांदाच एकटीने काम. तिने गिरमिटाने भोकं पाडली, स्क्रू आवळले, कडी सरकवून पाहिली, लोण्यासारखी सरकली. मग तिने त्या माणसाला बोलावलं. त्याने पाहिलं आणि तो पोट धरून हसायला लागला. कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती.

चूक साधी होती आणि कुलूपवाल्याकडूनच व्हायची. जन्मभर त्यांनी काय केलं, तर माणूस बाहेर गेल्यावर त्याचं सामान आत राहावं म्हणून कुलपं लावली. दार म्हटलं की हात आपोआप बाहेरच्या बाजूला जायचा. आत कोणी असतं, आणि त्याला कडी हवी असते, हे हाताला माहीतच नव्हतं. ती लाजेने लालबुंद झाली, स्क्रू काढायला बसली, आणि लाज झाकायला चिडून म्हणाली की तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय, कडी हवी कशाला? खालच्या मठात तर एकाही खोलीला कडी नाही. तुम्ही आणि ते, एकच ना?

तो शेजारी दगडावर बसला आणि तिने विचारलं म्हणून त्याने सांगितलं. खाली घंटा होते आणि सगळे उठतात. उठायचं की नाही हे ज्याला त्याला ठरवावं लागत नाही, हे त्यांचं सुख आहे, आणि ते लहान सुख नाही. एकाचा पाय अडला तर दुसरा हात देतो. त्यासाठी आपली इच्छा ते सगळ्यांच्या हवाली करतात, कडीसकट. पण स्वतःहून करतात. पाच माणसांसमोर उभं राहून मोठ्याने, स्वखुशीने व्रत घेतो, असं म्हणतात. इथे वर घंटा नाही. इथे मला रोज मलाच विचारावं लागतं, उठतोस का रे बाबा, आणि कधीकधी उत्तर लवकर येत नाही. मोठं कोण, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला की कोणी नाही, पायाची मापं वेगळी असतात एवढंच. दुसऱ्याची वहाण घातली तर चालता येतं, पण फोड येतात.

"आणि कडी?" तिने विचारलं.

"कडी लावायला नको गं मला. काढायला हवी," तो म्हणाला. "दार उघडंच असलं तर लोक नुसते आत येतात. मी उठून उघडलं तर ते मला भेटायला येतात."

तिने कडी आतून लावून दिली. परत येताना ती सबंध उतारभर स्वतःशी बोलत होती. तेव्हापासून तिच्या खोलीला आतून कडी होती.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. आत्याने हत्यारांची पिशवी बरोबर घेतली. कशाला, म्हणून त्याने विचारलं. सवय आहे, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

जागा वाईट नव्हती, हे सांगायला हवं. लांब व्हरांडा, घासून पुसून लख्ख, कुंड्यांना पाणी घातलेलं. व्यवस्थापक बाई हसतमुख होत्या. त्यांनी आत्याला आजी म्हटलं, तेव्हा मी कोणाचीच आजी नाही, असं आत्याने सांगून टाकलं. जेवणाची मोठी खोली पाहिली, घंटा पाहिली. घंटा खरोखरच मठातल्यासारखी होती, भाऊ तिच्याकडे बघून आशेने हसला. आत्या मात्र दारं बघत चालली होती. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. सोळाही दारांना कड्या होत्या, आणि सोळाही बाहेरून.

तिने थांबून विचारलं, की या सगळ्यांनी व्रत घेतलंय का?

बाईंना कळेना. कसलं व्रत? कोणी अवेळी उठून भटकू नये, पडू नये, म्हणून बाहेरून कडी, आणि आतून कोणी अडकून बसू नये म्हणून आत काही नाही. सगळं त्यांच्याच भल्यासाठी. इथे सगळे एका कुटुंबासारखेच तर आहेत. हे बोलत बोलत, खोली कशी असते ते दाखवायला, त्यांनी सात नंबरचं दार उघडलं. वाजवलं नाही. आत एक उंच म्हातारी बाई अंगात कपडा घालत होती, एक हात आत आणि एक बाहेर, पाठ उघडी. ती ओरडली नाही. तिने फक्त तोंड भिंतीकडे केलं आणि तशीच उभी राहिली, रोजची सवय असल्यासारखी.

"बघा, उजेड किती छान येतो," व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

भावाने मान खाली घातली. पाय दुखतोय, मी इथेच टेकते, तुम्ही कचेरीत जाऊन कागद बघा, असं म्हणून आत्याने दोघांना वाटेला लावलं. मग सात नंबरचं दार वाजवलं आणि थांबली.

आत बराच वेळ काही हललं नाही. दार वाजल्याचा आवाज त्या खोलीने कधी ऐकलाच नसावा. मग ती बाई आली, नीट कपडे करून. भूगोल शिकवायची म्हणे, एकतीस वर्षं. तिने आत्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, पिशवीत काय आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून दाराबाहेरच्या कडीकडे बोट केलं.

"ही इकडून बसते का?"

"बसते की. पण पडलात तर? मी पडले होते. चार तास पडून होते."

"पडायचं तेव्हा पडेन," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोवर रोज कपडे तर बदलायचे आहेत."

आत्याने पिशवी उघडली. चार स्क्रू, चारही गंजलेले, पण तिच्या मनगटापुढे त्यांचं काय चालणार. कडी बाहेरून निघाली. मास्तरीणबाईंनी ती हातात धरून ठेवली, तोवर आत्याने आत भोकं पाडली. तीच कडी, तेच चार स्क्रू, फक्त दाराची दुसरी बाजू. खाली वाकता येत नव्हतं म्हणून तिने ती थोडी उंच बसवली, नाहीतरी मास्तरीणबाईही उंचच होत्या. कोयंडा चौकटीला ठोकला आणि आत्या बाहेर आली. दार लागलं. आतून कडी सरकली, खट्. त्या व्हरांड्यात हा आवाज पहिल्यांदाच झाला असेल, कारण शेजारच्या दोन दारांतून दोन डोकी बाहेर आली.

मग व्हायचं ते झालं. व्यवस्थापक बाई धावत आल्या, मागून अर्ज हातात घेऊन भाऊ. बाईंनी दार ढकललं, ते उघडेना. कोणाच्या परवानगीने, हे नियमात बसत नाही, काही झालं तर जबाबदार कोण, असं सगळं त्या बोलल्या, आणि त्यातलं काही अगदीच चूक नव्हतं. आत्याने पिशवी बंद केली आणि त्यांना एवढंच म्हणाली की वाजवून बघा.

बाई थबकल्या. मग त्यांनी वाजवलं. दोनदा, बोटाच्या पेराने, जरा अवघडून. आतून काहीच नाही. मोजून दहा श्वास. मग कडी सरकली, दार उघडलं, आणि दारात मास्तरीणबाई ताठ उभ्या होत्या.

"या ना," त्या म्हणाल्या. "बसा."

व्यवस्थापक बाई आत गेल्या, आणि का कोण जाणे, पण चप्पल बाहेर काढून गेल्या.

परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता. अर्ज त्याच्या मांडीवर होता. त्यात पहिल्याच ओळीत छापलं होतं की मी येथे स्वखुशीने राहण्यास येत आहे. आत्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मठात जायला एवढी एकच वस्तू लागते," ती म्हणाली. "ती असती तर मी घंटेच्या आधी उठले असते. माझ्याकडे ती नाही. हेच माझं कारण."

भावाने गाडी कडेला घेतली. तो रडत होता. साठी उलटलेला माणूस, आणि लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायचा तसाच. तू चार तास फरशीवर होतीस, तो म्हणाला, आणि मी दहा मिनिटांवर चहा पीत बसलो होतो, मला पत्तासुद्धा नव्हता. मला ते पुन्हा नको आहे, ताई. मला कडीचं काही नाही.

हे मात्र आत्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की हा तिला कुलपात घालायला निघालाय. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कारण पटलं की नाही, हे विचारायचं तिला सुचलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

पुढचे पाच दिवस दुकान अर्धंच उघडं होतं. मागच्या दाराला बाहेरून एक भोक पडलं, त्यात कुलपाचं घर बसलं, आणि त्याचा एक दात आतल्या जुन्या कडीला जाऊन भिडला. कडी आतून लावलेली असली तरी बाहेरून किल्लीने सरकेल, अशी ती करामत होती. हे आधी का नाही केलंस, असं छापखानेवाल्याने विचारलं. आधी कोणी रडलं नव्हतं, असं आत्या म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं तो पुटपुटला. किल्ली एकच केली. ती भावाच्या हातात देताना तिने त्याला काहीही बजावलं नाही. वापरायची कधी आणि नाही कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मधे मास्तरीणबाईंचा फोन येऊन गेला होता. कडी अजून आतच आहे, एवढंच सांगून त्यांनी ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी भाऊ आला. आत आत्या पलंगावर पाय लांब करून बसली होती. तिने त्याची पावलं ओळखली. पावलं दारापाशी थांबली आणि खिशात किल्ली वाजली, ती तिला स्पष्ट ऐकू आली. आता ती भोकात फिरेल, कडी आपोआप सरकेल, आणि सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नुसतं आत येईल.

दार वाजलं. दोनदा.

"येते रे," ती म्हणाली, आणि काठी शोधायला लागली. पाय अजून धड नव्हता. उठायला वेळ लागला, पाच पावलं टाकायला त्याहून जास्त. तो बाहेर थांबून होता, किल्ली हातात घेऊन. आत्याने कडी काढली.

"ये," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खुर्चीवरची उशी उचलून घेतली.